आईचं मतदान कार्ड हरवलंय आणि नंबरही माहीत नाही. दुसरं कसं काढायचं?

कृष्णाकाठ:
आईचं मतदार ओळखपत्र हरवलं आहे. चोरी नाही, कराड-पुणे प्रवासात कागदपत्रांची पिशवी गहाळ झाली. तिचं वय ६८, नाव कराड दक्षिणच्या यादीत आहे. गेलं दीड वर्ष ती आमच्याकडे पुण्यात कोथरूडला असते, पण कराडचं घर अजून आहे. कार्ड जुनं, काळ्या-पांढऱ्या फोटोचं, लॅमिनेशन केलेलं होतं. त्याची एक पुसट झेरॉक्स मिळाली. त्यावर नंबर एमटी पासून सुरू होतो आणि मध्ये तिरप्या रेघा आहेत. तो वेबसाइटवर टाकला तर काहीच सापडत नाही.

जवळच्या सेतू केंद्रावर विचारलं तर म्हणाले, "फॉर्म ६ भरून नवीनच काढून टाका, सोपं पडतं." दुसरे एक जण म्हणतात की स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र लागेल. खरं काय? आणि कार्ड येण्याआधी निवडणूक लागली तर आईला मतदान करता येईल का?

बूथ नंबर ४२:
सगळ्यात आधी, फॉर्म ६ भरू नका. सेतूवाल्यांनी दिलेला हा सल्ला फार ठिकाणी दिला जातो आणि त्यातूनच दुबार नावं तयार होतात. फॉर्म ६ हा ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही त्याच्यासाठी आहे. तुमच्या आईंचं कार्ड हरवलंय, नाव हरवलेलं नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम १७ आणि १८ नुसार एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा असू शकत नाही. अर्जाखाली जे घोषणापत्र असतं ते खोटं ठरलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. सही आईंची असणार, केंद्रवाल्याची नाही. हे त्यांना स्पष्ट सांगा.

आता नंबर. एमटी आणि तिरप्या रेघांचा नंबर ही महाराष्ट्रातली जुनी पद्धत. नंतर सगळ्यांना तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा दहा खुणांचा नंबर दिला गेला. जुन्या नंबरने शोधून काही मिळालं नाही म्हणजे नाव गेलं असं समजू नका. आईंच्या नावासमोर नवा नंबर पडलेला असण्याची शक्यता जास्त. हरवलेलं कार्ड परत मागवण्याच्या ऑनलाइन अर्जात पहिल्याच पानावर नंबर विचारतात, म्हणून तो सापडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

शोधायचं असं. निवडणूक आयोगाच्या इलेक्टोरल सर्च पानावर तीन मार्ग आहेत: नंबरने, मोबाइलने आणि तपशिलाने. आधी मोबाइलने बघा, नोंदलेला असेल तर अर्ध्या मिनिटात काम होतं. नाही मिळालं तर तपशिलाने. इथे बहुतेक जण अडकतात, त्याची कारणं ठरलेली आहेत:

जन्मतारीख टाकू नका, वय टाका. जुन्या नोंदींमध्ये पूर्ण जन्मतारीख नसते, नुसतं वय असतं, आणि तेही दोन-चार वर्षांनी पुढेमागे. एका वयाला नाही मिळालं तर आजूबाजूची वयं टाकून बघा.

नाव मराठीत टाइप करून बघा. इंग्रजी रूप यंत्राने केलेलं असतं, त्यामुळे तुम्ही लिहिता ते स्पेलिंग तिथे असेलच असं नाही. ऱ्हस्व-दीर्घही बदलून बघा.

नात्याच्या जागी पतीचं नाव टाका. नाही मिळालं तर वडिलांचं. लग्नाआधी नाव नोंदलेल्या बायकांच्या बाबतीत हे हमखास होतं.

तरीही सापडलं नाही तर भागाची यादी उतरवून घ्यायची. मतदार सेवा पोर्टलवर राज्य, जिल्हा, विधानसभा मतदारसंघ निवडला की भागनिहाय याद्या येतात. ही पीडीएफ चित्रासारखी असते, त्यामुळे त्यात नाव टाइप करून शोध चालत नाही, डोळ्यांनीच वाचावी लागते. एका पानावर तीन रांगांत मिळून तीस चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत वर अनुक्रमांक आणि ओळखपत्राचा नंबर, खाली नाव, पतीचं किंवा वडिलांचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. एका घरातली माणसं सहसा ओळीने असतात, म्हणून वडिलांचं किंवा काकांचं कार्ड घरात असेल तर त्यावरून त्यांची नोंद शोधा. आईंचं नाव त्याच्या वर किंवा खाली मिळेल. चौकटीवर नाव वगळल्याची खूण आडवी मारलेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मात्र फॉर्म ६ च लागतो, कारण यादीत नावच उरलेलं नाही.

अनुक्रमांक, भाग क्रमांक आणि नंबर तिन्ही एका कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतात.

तहसील वारी:
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आता अर्जाचं सांगतो.

हरवलेल्या, फाटलेल्या किंवा पूर-आगीत नष्ट झालेल्या कार्डासाठी फॉर्म ८ म्हणजे नमुना ८. पूर्वी दुबार कार्डाला वेगळा अर्ज होता, एकाच मतदारसंघातल्या पत्ताबदलाला ८-अ होता. १ ऑगस्ट २०२२ पासून नमुने बदलले आणि हे सगळं एकट्या नमुना ८ मध्ये आलं. जुन्या छापील अर्जांचे गठ्ठे काही झेरॉक्स दुकानांत अजून मिळतात. ते घेऊ नका. ओळखायची खूण अशी की नव्या नमुना ८ मध्ये चार कामं एकत्र दिसतात: राहण्याची जागा बदलणं, नोंदीत दुरुस्ती, दुरुस्तीशिवाय बदली ओळखपत्र आणि दिव्यांग असल्याची नोंद.

यातलं एका अर्जात एकच काम निवडायचं. तुमच्यासारख्या प्रकरणात निर्णय इथेच घ्यावा लागतो.

आई आता खरोखर कुठे राहतात हे आधी ठरवा. दीड वर्ष कोथरूडला असतील आणि पुढेही तिथेच राहणार असतील, तर बदली कार्ड मागू नका, जागा बदलल्याचा अर्ज करा. त्याच अर्जात नव्या पत्त्याचं कार्ड मिळण्याची विनंती छापलेली असते, त्यामुळे हरवलेल्या कार्डाचा प्रश्न आपोआप सुटतो. कार्डाचा नंबर तोच राहतो. कराडच्या यादीतलं नाव काढायला वेगळा फॉर्म ७ भरायची गरज नसते. आधी बदली कार्ड आणि मग पत्ताबदल अशा दोन फेऱ्या केल्या तर दोन कार्डं येतात आणि पहिलं महिन्याभरात निरुपयोगी होतं.

कराडलाच नाव ठेवायचं असेल तर बदली कार्ड मागा, पण लक्षात ठेवा की कार्ड स्पीड पोस्टने यादीतल्या पत्त्यावर जातं. कराडच्या घराला कुलूप असेल तर पोस्टमन परत नेणार.

ऑनलाइन भरताना: पोर्टलवर मोबाइलने खातं काढा, ओटीपी येतो. नमुना ८ उघडला की अर्ज स्वतःसाठी की दुसऱ्या मतदारासाठी हे विचारतात. तुम्ही तुमच्या खात्यातून आईंचा भरत असाल तर 'दुसरा मतदार' निवडून त्यांचा नंबर टाका. समोर नाव, मतदारसंघ दिसेल. तो तपशील आईंचाच आहे ना हे नीट वाचून मगच पुढे जा. मग कामाचा प्रकार निवडा. बदली कार्ड निवडलं तर कारण विचारतात: हरवलं, नैसर्गिक आपत्तीत नष्ट झालं की खराब झालं. 'हरवलं' निवडलं की पोलिसांकडच्या नोंदीची प्रत जोडावी लागते. फाइल दोन एमबीच्या आत ठेवा. आधार, मोबाइल, ईमेल, ठिकाण, तारीख, मग पूर्वदृश्य. पूर्वदृश्यात मोबाइल नंबर पुन्हा एकदा तपासा, पुढचे सगळे संदेश त्यावरच येतात. संपूर्ण अर्जात पैसे भरायचा टप्पा कुठेच येत नाही.

शेवटी आधारची ई-सही मागितली जाते. सप्टेंबर २०२५ पासून ही पायरी आली आहे. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून तो फोन हाताशी हवा. आणि मतदार यादीतलं नाव व आधारवरचं नाव जुळायला हवं, नाहीतर गाडी तिथेच अडते.

अर्ज गेला की संदर्भ क्रमांक मिळतो. महाराष्ट्राचा आयोगाच्या हिशेबातला संकेतांक एस १३ असल्याने तो त्यानेच सुरू होतो. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वय मागेपुढे करून शोधलं आणि ६५ ला नाव सापडलं. नंबर नवा, दहा खुणांचा आहे. पण यादीत आईच्या नावापुढे 'बाई' लावलेलं आहे, आधारवर नाही. म्हणजे ई-सहीला अडचण येणार का? मोबाइल नोंदलेला नाही. आणि पोलिसांकडे नोंद म्हणजे एफआयआर करायचा का? पत्ता कोथरूडलाच बदलावा असं आता वाटतंय.

दस्तऐवज:
पोलिसांचा भाग सांगते, कारण त्याबद्दल उगाच धास्ती असते.

वस्तू हरवणं हा गुन्हा नाही, त्यामुळे एफआयआर होत नाही. ठाण्यात 'गहाळ' म्हणून नोंद होते आणि तिची प्रत मिळते. लोक तिला गहाळ दाखला म्हणतात. अर्जाला तेवढी पुरते. यासाठी ठाण्यात जायलाच हवं असंही नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर हरवले-सापडलेची सोय आहे, मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयांच्या संकेतस्थळांवरही आहे. कागदपत्राचा प्रकार, नंबर, हरवल्याचं ठिकाण आणि तारीख भरली की नोंदीचा कागद उतरवून घेता येतो.

दोन गोष्टी सांभाळा. एक, पिशवीत आणखी जे जे होतं, म्हणजे पॅन, पासबुक, ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड, ते सगळं एकाच नोंदीत लिहा. पुढे प्रत्येक कार्यालयात हाच कागद चालतो. दुसरं, ओळखपत्राचा नंबर लिहायचा तो यादीतला नवा. जुना एमटीवाला लिहिलात तर अर्जातला आणि नोंदीतला नंबर वेगळा दिसतो आणि शंका काढली जाते. जुना द्यायचाच तर "जुना क्रमांक" असं म्हणून शेजारी द्या.

पाकीट मारलं गेलं असेल, पर्स हिसकावली असेल, तर तो गुन्हा. तिथे एफआयआर होतो आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. चोरीला 'हरवलं' म्हणून नोंदवू नका. त्या कार्डाचा कुणी गैरवापर केला तर तुमच्या हातात चोरीची तारीख असलेला कागद असणं महत्त्वाचं आहे.

प्रतिज्ञापत्र नमुना ८ सोबत मागितलेलं नाही. अर्जाच्या खालीच घोषणापत्र आहे, त्यावर सही केली की झालं. स्टॅम्पपेपरचा खर्च करू नका.

तुम्ही पत्ताबदलाचा मार्ग घेत असाल तर अर्जाला पोलिसांची नोंद जोडायची नाही, कारण तिथे कारण 'हरवलं' नसून 'जागा बदलली' हे आहे. तरीही नोंद करून ठेवाच. कार्ड बाहेर कुणाच्या तरी हातात आहे.

तहसील वारी:
'बाई'चा प्रश्न खरा आहे आणि आपल्याकडे फार आढळतो. बाई, राव, बेन, कधी नावाआधी 'श्रीमती', अशा गोष्टी जुन्या पाहणीच्या वेळी सांगणाऱ्याने सांगितल्या आणि लिहिणाऱ्याने लिहिल्या. ऑनलाइन अडलं तर कागदी अर्ज द्या. तो पूर्णपणे वैध मार्ग आहे, कमी दर्जाचा नाही. नमुना ८ पोर्टलवरून छापून घ्या किंवा मतदार नोंदणी कार्यालयातून फुकट घ्या. पत्ताबदलाचा अर्ज नव्या ठिकाणच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो, म्हणजे तुमच्या बाबतीत कोथरूड मतदारसंघाकडे, कराडला नाही. कराडला हेलपाटा मारून "इथे नाही, पुण्याला द्या" हे ऐकू नका.

अर्ज बीएलओंकडेही, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडेही, देता येतो. पोर्टलवर मतदान केंद्र शोधलं की बीएलओंचं नाव आणि फोन दिसतो. बीएलओ म्हणजे बहुतेक वेळा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेचे कर्मचारी, स्वतःचं काम सांभाळून हे करतात. दुपारी शाळेच्या वेळात फोन न करता संध्याकाळी केलात तर नीट बोलणं होतं. अर्जाचा खालचा फाडायचा भाग ही पोच आहे, त्यावर नाव, तारीख, सही घेतल्याशिवाय निघू नका. कागदी अर्जाचा संदर्भ क्रमांक नंतर संगणकावर पडतो, तो मागून घ्या.

पत्त्याचा पुरावा एक पुरतो: आधार, चालू पासबुक, पासपोर्ट, पाणी-वीज-गॅसचं किमान वर्षभराचं बिल, जमिनीचा महसुली उतारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत. यात 'नोंदणीकृत' हा शब्द महत्त्वाचा आहे. नोटरीचा भाडेकरार जोडणारे पुष्कळ असतात आणि तो चालत नाही. आईंच्या नावावर कोथरूडचं काहीच नसेल तर सगळ्यात सोपं म्हणजे आधी आधारवरचा पत्ता बदलून घेणं. घरातल्या दुसऱ्या मतदाराचा, म्हणजे तुमचा, ओळखपत्र क्रमांक बीएलओंना सांगा. एकाच घर क्रमांकाखाली नाव लागायला त्याची मदत होते.

'बाई' काढायचं काम पत्ताबदल मंजूर झाल्यावर दुरुस्तीचा वेगळा नमुना ८ देऊन करा. घाई नसेल तर नाही केलंत तरी मतदान अडत नाही. किरकोळ लेखनफरकाकडे मतदान अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष करावं, ओळख पटली की पुरे, अशाच सूचना असतात. मोबाइलचा रकाना मात्र याच अर्जात भरा, आणि तुमचा नको, आईंचा स्वतःचा द्या.

बूथ नंबर ४२:
मोबाइलबद्दल का सांगताहेत तर ई-एपिकसाठी, म्हणजे डिजिटल मतदार ओळखपत्रासाठी. २५ जानेवारी २०२१ ला राष्ट्रीय मतदार दिनी ही सोय सुरू झाली. नंबर आणि यादीत नोंदलेला मोबाइल असेल तर पोर्टलवरून ओटीपी घेऊन ओळखपत्राची पीडीएफ उतरवता येते. त्यावर फोटो, अनुक्रमांक, भाग क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. ओळखीसाठी ती मूळ कार्डाइतकीच धरली जाते. ज्यांचा पत्ता बदललेला नाही आणि मोबाइल नोंदलेला आहे त्यांनी कार्ड हरवल्याच्या दिवशीच ही फाइल उतरवून ठेवावी, बदली कार्ड सावकाश येऊ दे.

ती साध्या कागदावर छापली तरी चालते. बाजारात कुणी प्लास्टिक कार्डावर छापून देतात, ते शासनाचं कार्ड नव्हे. त्यासाठी आईचा ओटीपी दुकानदाराला सांगणं तर मुळीच नको. क्यूआर कोड पुसट येणार नाही एवढं छापताना बघा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, निवडणूक आधी लागली तर. मतदानाचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो. कार्ड फक्त ओळख पटवायला. विधानसभा-लोकसभेला कार्ड नसेल तर आयोगाने ठरवलेल्या बारा पर्यायी कागदपत्रांपैकी कुठलंही एक मूळ न्यायचं: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँक किंवा टपाल खात्याचं फोटो असलेलं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेलं पेन्शनचं कागदपत्र, श्रम मंत्रालयाच्या योजनेचं आरोग्य विम्याचं स्मार्ट कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीखालचं स्मार्ट कार्ड, सरकारी वा सार्वजनिक उपक्रमांचं फोटो ओळखपत्र, खासदार-आमदारांचं ओळखपत्र आणि दिव्यांगांचं यूडीआयडी. आईंच्या बाबतीत आधार पुरेल.

घरी येणारी मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून २०१९ पासून एकटी चालत नाही. ती केंद्र, भाग आणि अनुक्रमांक शोधायला उपयोगी, पण सोबत ओळखीचा कागद हवाच. केवळ चिठ्ठी घेऊन रांगेत उभे राहिलेले ज्येष्ठ नागरिक परत पाठवले जातात तेव्हा फार वाईट वाटतं, आणि घरात कुणी एकाने आधी सांगितलं असतं तर ते टळलं असतं.

मोबाइल मतदान केंद्रात नेता येत नाही. ई-एपिक फोनमध्ये आहे आणि फोन बाहेर ठेवायचाय, अशी अडचण होते. छापील प्रत किंवा आधारचं मूळ कार्ड न्या.

महापालिका, जिल्हा परिषद, नगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी मात्र विधानसभेचीच, प्रभागांप्रमाणे फोडलेली. तिथे नाव वेगळं नोंदवायचं नसतं. फोडताना भाग आणि अनुक्रमांक बदलतात, त्यामुळे कार्डाच्या मागचा भाग क्रमांक बघून केंद्र शोधू नका, त्या निवडणुकीची प्रभाग यादी बघा. शिवाय प्रभाग यादीसाठी विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतात. त्या तारखेनंतर तुमचा पत्ताबदल मंजूर झाला असेल तर त्या निवडणुकीपुरतं नाव जुन्याच ठिकाणी राहतं. हे कळल्यावर भांडायला जाऊ नका, कर्मचाऱ्याच्या हातात ते नसतं.

कोथरूड डेपो:
मी फक्त अर्ज कुठे अडतो ते लिहितो.

स्थिती पाहताना चार पायऱ्या दिसतात: अर्ज दाखल, बीएलओ नेमले, प्रत्यक्ष पडताळणी झाली, मंजूर किंवा नामंजूर. 'बीएलओ नेमले' यावर अर्ज आठवडेच्या आठवडे बसतो. कारण बहुतेक वेळा एकच, बीएलओ आले आणि घर बंद होतं किंवा सोसायटीच्या फाटकावर कुणी आत सोडलं नाही. सुरक्षारक्षकाला सांगून ठेवा. पत्त्यात विंग आणि सदनिका क्रमांक लिहा, नुसतं सोसायटीचं नाव लिहिलं तर चारशे घरांत आई कुठे शोधायच्या? निवडणूक आयोगाच्या ईसीआयनेट ॲपवर बीएलओंना फोन करायची वेळ मागून घेता येते, तेही वापरा.

नामंजूर होण्याची नेहमीची कारणं: पुराव्याचा फोटो वाचता येत नाही. आधारच्या पुढच्या बाजूचाच फोटो जोडला आणि पत्ता मागच्या बाजूला राहिला. पत्ताबदलात मतदारसंघ चुकीचा निवडला. कोथरूड नावाचं उपनगर आणि कोथरूड विधानसभा मतदारसंघ यांच्या हद्दी तंतोतंत एक नाहीत. शेजाऱ्याच्या कार्डावर कुठला मतदारसंघ आहे ते बघून मगच निवडा. नामंजूर झाला तर कारण वाचून नवा अर्ज करता येतो, एकदा नाकारला म्हणून दार बंद होत नाही.

मंजुरीनंतर कार्ड लगेच येईल अशी अपेक्षा ठेवू नका. यादीत बदल झाल्यापासून १५ दिवसांत कार्ड पोहोचवायचं, असं आयोगाने जून २०२५ मध्ये ठरवलं आणि पाठवणीचे टप्पे मोबाइलवर संदेशाने कळवण्याची सोय केली. पोस्टाचा क्रमांक आला की टपाल खात्याच्या संकेतस्थळावर रोज बघा. 'पत्ता सापडला नाही' असा शेरा दिसला तर त्याच दिवशी पोस्टात जा. परत गेलेलं कार्ड नोंदणी कार्यालयात पडून राहतं आणि ते मागायला माणूस गेला नाही तर कुणी आठवण करत नाही. चौकशीला १९५०, मोबाइलवरून लावताना आधी जिल्ह्याचा एसटीडी कोड.

निवडणूक जाहीर झाल्यावर पत्ताबदलाचा अर्ज उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या बेताने आला तर त्यावर निर्णय व्हायला वेळ उरत नाही, कारण हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून हे काम निवडणुकीची चाहूल नसतानाच करा.

सिंगापूरहून:
परदेशात असलेल्यांसाठी एक ओळ जोडतो. फॉर्म ६-अ भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवलेल्यांना ओळखपत्र दिलंच जात नाही. त्यांनी मतदानाला मूळ पासपोर्ट दाखवायचा, आधार-पॅन चालत नाही. त्यामुळे अशा कुणाचं "कार्ड आलंच नाही" असेल तर बदली कार्डाचा अर्ज करून उपयोग नाही.

कृष्णाकाठ:
खूप स्पष्ट झालं. गहाळ नोंद आज ऑनलाइन केली, पिशवीतल्या चारही कागदपत्रांची एकत्र. आधारवरचा पत्ता बदलायला उद्या जातो, तो आला की कोथरूडच्या बीएलओंकडे कागदी नमुना ८. एकच राहिलं. जुनं कार्ड नंतर कुणी आणून दिलं किंवा घरातच सापडलं तर काय करायचं?

दस्तऐवज:
ते वापरायचं नाही आणि फेकायचंही नाही. बदली कार्ड घेताना, जुनं सापडल्यास परत करू अशी हमी अर्जातच दिलेली असते, आणि पत्ताबदलाच्या अर्जातही जुनं कार्ड जमा करण्याची ओळ असते. नोंदणी कार्यालयात नेऊन द्या आणि जमा केल्याची पोच घ्या. तोवर कार्डावर जाड शाईने 'रद्द' असं आडवं लिहून ठेवलंत तर घरातलं कुणी चुकून ते मतदानाला घेऊन जाणार नाही.

गहाळ नोंदीचा कागद मात्र जपून ठेवा. पॅन आणि पासबुकासाठी तो अजून लागणार आहे.